पाचवी-सहावी मार्गिका आणि जुनी वाडी: विरोध कागदावर कसा उभा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या दक्षिणेला मध्य रेल्वेच्या रुळांना खेटून एक जुनी वाडी आहे. तीन चाळी, मधे पटांगण, कोपऱ्यात मारुतीचं देऊळ आणि व्यायामशाळा, रस्त्याच्या अंगाला दुकानं. मोजणीची माणसं येऊन भिंतींवर लाल रंगाने आकडे टाकून गेली. पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी जागा लागणार, एवढंच तोंडी कळलं. हातात कागद एकही नाही. वाडीत दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात एक वीट हलू देणार नाही, तरुण म्हणतात मोठं घर मिळत असेल तर अडवता कशाला. रहिवासी समितीच्या सचिव ताईंनी विचारलं आहे: विरोध करावा का, आणि करायचा तर सुरुवात कुठून करायची?

मी नगररचनाकार आहे. रस्ता, पूल, मेट्रो, रेल्वे अशा कामांत सापडलेल्या चाळींच्या हरकती लिहून देणं आणि रहिवाशांना नकाशे वाचून दाखवणं हे माझं नेहमीचं काम. उत्तर लांबणार आहे, कारण यातल्या काही गोष्टी वेळेत कळल्या नाहीत तर नंतर कळून उपयोग नसतो.

विरोध जरूर करा. मात्र ‘रेल्वे नको’ या घोषणेवर तो उभा करू नका. या मार्गिका लागतात, हे तुमच्या घरातल्या नोकरदार माणसालाही ठाऊक आहे. कल्याणकडून येताना मेल-एक्स्प्रेस आणि लोकल यांच्यासाठी वेगळे रूळ असले तर लोकल वाढवता येतात, वेळेवर धावतात. ठाणे-दिवा पट्ट्यातल्या पाचव्या-सहाव्या मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. अडलं आहे ते कुर्ला ते सीएसएमटी हे साडेसतरा किलोमीटरचं अंतर. त्यातला कुर्ला-परळ हा पहिला टप्पा सुमारे दहा किलोमीटरचा, परळ-सीएसएमटी हा दुसरा साधारण साडेसातचा. मंजुरी जुनी आहे, पण दोन्ही बाजूंना वस्ती इतकी दाट की काम जमिनीपाशी येऊन थांबतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडून मृत्युमुखी पडली. २९ सप्टेंबर २०१७ ची एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावरची चेंगराचेंगरी तर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर घडली. सुनावणीला बसलेला अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्हाला गाड्या नकोत का? त्यावर तुमचं उत्तर तयार हवं: गाड्या हव्यात. पण जागा एवढीच का, ती याच बाजूची का, आणि रेल्वेची स्वतःची जमीन आधी का वापरली नाही? तुमची सगळी लढाई या तीन प्रश्नांत आहे आणि या तिन्हींची उत्तरं नकाशात असतात.

म्हणून पहिलं काम नकाशा मिळवण्याचं. भिंतीवरच्या लाल आकड्यांना कायद्यात फारशी किंमत नाही. ती मोजणीची खूण असते. तुम्हाला हवे आहेत ते तीन कागद: मार्गिकेच्या आरेखनाचा नकाशा, भूसंपादनाचा आराखडा ज्यात प्रत्येक सिटी सर्व्हे नंबरातली किती जागा जाणार ते लिहिलेलं असतं, आणि बाधितांची यादी. माहिती अधिकाराचा अर्ज रेल्वेकडे, मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे एकाच दिवशी टाका. उत्तराची मुदत तीस दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. सिटी सर्व्हे नंबर लिहा, कागदाचं नाव लिहा, प्रमाण वाचता येईल अशी पूर्ण आकाराची प्रत मागा. ए-४ वर आकसलेली झेरॉक्स आली तर प्रत्यक्ष पाहणीची वेळ मागा. तो हक्क कायद्यात आहे.

नकाशा हातात आला की मोजपट्टी लावा. हे काम तज्ज्ञांशिवाय होत नाही असं लोकांना वाटतं, पण निम्मं काम साध्या बेरजेचं आहे. भारतीय रेल्वेच्या नियमानुसार नव्या कामात दोन शेजारच्या रुळांच्या मध्यरेषांमधलं अंतर किमान ५.३ मीटर लागतं. आत्ताच्या शेवटच्या रुळाच्या मध्यापासून पाचवा ५.३ मीटरवर, सहावा आणखी ५.३ मीटरवर. त्यापुढे ओव्हरहेड वायरचा खांब, तो रुळाच्या मध्यापासून पावणेतीन-तीन मीटरवर. मग गटार आणि कुंपणाची भिंत. सरळ मार्गावर हे सगळं मिळून पंधरा-सोळा मीटरच्या आसपास बसतं. वळण असेल, स्टेशनचा फलाट असेल, पुलाचा पाया असेल तर जास्त लागतं आणि ते मान्य करायला हवं. पण तुमच्या वाडीजवळ स्टेशन नसताना पट्टा पंचवीस-तीस मीटरचा दाखवला असेल, तर उरलेली जागा कशासाठी हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एका चाळीत आम्ही असाच नकाशा कॅरम बोर्डवर पसरला होता, कोपरे उडू नयेत म्हणून वर सोंगट्या ठेवल्या होत्या. रेल्वेतच फिटर म्हणून आयुष्य काढलेले एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी बोट ठेवलं. रेल्वे क्वार्टर्सच्या समोर जो पट्टा चिंचोळा होता, तो चाळीच्या मागे येताच एकदम फुगत होता, आणि त्या फुगवट्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही जागा कंत्राटदाराच्या सामानासाठी. म्हणजे काम चालू असेपर्यंत लोखंड आणि खडी ठेवायला लागणारी जागा कायमच्या संपादनात धरली होती. हरकतीत आम्ही तेवढंच विचारलं: तात्पुरत्या गरजेसाठी कायमचं घर का? ती जागा नंतर वगळली गेली आणि मागच्या रांगेतल्या खोल्या वाचल्या. मोर्चा निघाला असता तर हे झालंच नसतं असं मी म्हणत नाही, पण मोर्च्याच्या निवेदनात हा मुद्दा आला नसता.

आराखडे बदलतात. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल पाडायचं ठरलं तेव्हा आधीच्या रचनेत एकोणीस इमारती जाणार होत्या. पूल दुमजली करायचं ठरल्यावर थेट बाधित होणाऱ्या इमारती दोनवर आल्या. त्या दोन इमारतींच्या रहिवाशांनीही आपलं पुनर्वसन ठरल्याशिवाय पूल बंद करू देणार नाही अशी भूमिका घेतली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये होणारं काम पुढे गेलं. पूल वाहतुकीला बंद झाला तो सप्टेंबरात. रेल्वेच्या बाबतीतही हेच. सँडहर्स्ट रोडच्या पुढे जागा नाही म्हणून हार्बर मार्ग पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला वळवायचा आणि त्याची मोकळी झालेली जागा नव्या मार्गिकांना द्यायची, हा विचार खुद्द रेल्वेनेच केला होता. पर्याय मांडणं म्हणजे देशद्रोह नव्हे, अभियंते दिवसभर तेच करत असतात. तुमच्या पट्ट्यात समोरच्या बाजूला रेल्वेची क्वार्टर्स, गोदामं, वापरात नसलेल्या सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ) काय आहेत याची यादी करा, फोटो काढा, नकाशावर रंगवा. परळचं वर्कशॉप, वाडीबंदरचं यार्ड, अशा मोठ्या जमिनी या मार्गाला लागूनच आहेत. ‘दुसरीकडून न्या’ या वाक्यापेक्षा ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत रूळ पूर्वेला सरकवता येतील का, नसल्यास तांत्रिक कारण लेखी द्या’ हे वाक्य कितीतरी पटीने अवघड असतं झटकायला.

आता कायदा. अधिकाऱ्याला पहिलं विचारायचं ते हे की संपादन कोणत्या कायद्याखाली? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये २००८ साली एक प्रकरण घातलं गेलं, विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी. त्यातल्या कलम २०अ खाली केंद्र सरकार जमीन घेण्याचा इरादा जाहीर करतं. त्या अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत यावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची असते, कलम २०ड. त्यावर तुमचं म्हणणं समक्ष किंवा वकिलामार्फत ऐकून घ्यावंच लागतं. पुढे २०इ ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते आणि मग उरतो तो फक्त मोबदल्याचा वाद. ताई, हे तीस दिवस तुमच्या वाडीच्या इतिहासातले सगळ्यात महत्त्वाचे तीस दिवस असतील. जाहिरात पेपराच्या कुठल्या पानावर येईल सांगता येत नाही, म्हणून दोन-तीन जणांना रोज जाहिराती वाचण्याचं काम आतापासून वाटून द्या. वाचनालयात सकाळी बसणारी निवृत्त मंडळी या कामाला उत्तम.

भाडेकरूंना यात बोलण्याचा हक्क नाही, जो काही हक्क तो मालकाचा, अशी समजूत चाळींमधून घट्ट बसलेली आहे. ती चुकीची आहे. याच कायद्यातल्या ‘हितसंबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत राज्याच्या कायद्यानुसार भाडेकरूचा हक्क असलेली माणसं स्पष्टपणे धरली आहेत. पागडीची खोली असली तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तुम्हाला भाडेकरू मानतो. त्यामुळे प्रत्येक खोलीची हरकत वेगळी जायला हवी, त्या खोलीच्या कागदांसह: भाडेपावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव. पावती आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसांचं काम आजच हाती घ्या. पुनर्वसनात जी भांडणं वर्षानुवर्षं लोंबकळतात, त्यातली बहुतेक भावाभावांतली असतात. आणि एक सामाईक हरकत संपूर्ण वाडीची. तिच्याबद्दल पुढे सांगते.

संपादन रेल्वे अधिनियमाखाली असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे नियम त्याला लागू होतात. केंद्राचा २८ ऑगस्ट २०१५ चा आदेश त्यासाठीच आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शहरात घर गेलं तर किमान ५० चौरस मीटर जोते क्षेत्राचं बांधलेलं घर देण्याची तरतूद आहे. मुंबईत वर्षानुवर्षं प्रकल्पबाधितांना २२५ चौरस फुटांची खोली दिली गेली, आता तीनशेच्या आसपासचं बोललं जातं. ५० चौरस मीटर म्हणजे ५३८ चौरस फूट. तुमच्या प्रकरणात ही तरतूद कशी लागू होते, हे भूसंपादनाची कामं करणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घेऊन मागा. मात्र थेट खरेदी, टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क) किंवा राज्याच्या नगररचना कायद्याखाली जागा घेतली जात असेल तर हिशोब वेगळा होतो. म्हणून म्हटलं, आधी कायद्याचं नाव विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी तुमच्या विरोधात आहेत, त्या लपवून उपयोग नाही. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत रेल्वेमार्ग येत नाहीत, त्यामुळे पर्यावरण परवानगीच्या निमित्ताने होणारी जनसुनावणी तुम्हाला मिळणार नाही. शिवाय रेल्वे अधिनियमाच्या कलम ११ ने रेल्वेला इतर कायद्यांना डावलून बांधकाम करण्याचे मोठे अधिकार दिले आहेत. वारशाच्या मुद्द्यावर विसंबून राहणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

कारण तुमच्या प्रश्नात ‘आमची वाडी ऐतिहासिक आहे’ हे दोनदा आलं आहे. ती आहे, यात मला शंका नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच पट्ट्यातून. मग गिरण्या आल्या, आणि गिरण्यांमागून कोकणातली, घाटावरची माणसं. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, भजनी मंडळं, तालमी, १९२० पासूनचं चिंचपोकळीचं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, हे सगळं या चाळींच्या आधाराने उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप या चाळींनी उपाशीपोटी पेलला. मुंबईच्या मराठी कामगारांचा इतिहास जितका पुस्तकांत आहे त्याहून जास्त या गॅलऱ्यांत आहे, आणि तो रुळांच्या कडेला दाटीने आहे कारण तो रुळांसोबतच वाढला. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रस्ते काढताना वस्त्याच्या वस्त्या कापल्या तेव्हा या माणसांची नोंद कुणी नीट ठेवली नाही. आपण ती ठेवू शकतो.

पण सरकारदरबारी ‘ऐतिहासिक’ म्हणजे यादीत नाव असलेलं. मुंबईत वारसा नियमावली २१ एप्रिल १९९५ पासून आहे. आता ती विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहे. पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी अशा श्रेण्या, शिवाय वारसा परिसर. कामगारांच्या साध्या चाळी या यादीत फार कमी आल्या, कारण यादी करणाऱ्यांची नजर मनोरे, कमानी आणि कोरीव कामावर गेली. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तुमची वाडी यादीत आहे का ते महापालिकेच्या वारसा कक्षात तपासा. नसेल तर समावेशासाठी अर्ज करा, पण कागद भरभक्कम करून. नोटीस आल्यावर चार ओळींचा अर्ज टाकला तर तो काम अडवण्यासाठी केला आहे असंच दिसतं.

भरभक्कम म्हणजे काय, ते सांगते. वास्तुशास्त्र महाविद्यालयांत जुन्या इमारतींचे मोजणी-नकाशे काढण्याचा अभ्यास असतो. विभागप्रमुखांना पत्र द्या; विद्यार्थी आनंदाने येतात. जोत्याचा दगड, सागवानी खांब आणि तुळया, गॅलरीचे कठडे, जिन्याची झिजलेली पायरी, सगळं मापासह कागदावर येईल. इमारतीचं वय महापालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यावरून आणि उपकराच्या (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या) वर्गावरून सिद्ध होतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात येते. मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून काढा.

आणि मग वाडीचा तो दुसरा नकाशा, जो कुठलंच कार्यालय काढत नाही. एका मोठ्या कागदावर तिन्ही चाळी आणि पटांगण काढा आणि त्यात लिहा की कुठे काय चालतं. गणपती कुठे बसतो, तालमीत किती पोरं येतात आणि कुठून, पोळीभाजी केंद्र कुणाच्या खोलीत चालतं आणि त्याचं गिऱ्हाईक स्टेशनवरून कसं येतं, एकट्या राहणाऱ्या आजीला शेजारून जेवण कुठल्या दारातून जातं, मुलं शाळेत किती मिनिटं चालत जातात, केईएमला नियमित जाणारे रुग्ण किती. एका ठिकाणी बायकांनी असा नकाशा रविवारी दुपारी बसून काढला. त्यात त्यांनी पटांगणातल्या नळाभोवती गोल काढून लिहिलं होतं, ‘इथे सगळ्यांचं सगळं कळतं’. अधिकाऱ्याने तो कागद बराच वेळ पाहिला. खोल्यांच्या यादीत वाडी म्हणजे काही दरवाजे असतात. मोबदल्याचं गणित त्या दरवाज्यांपुरतंच होतं, आणि दरवाज्यांना मानखुर्दला नेता येतं. नकाशात दिसणारी वाडी तिथे नेता येत नाही, हे त्याला त्या कागदावरून समजलं. जागच्या जागी किंवा चालत जाण्याच्या अंतरात पुनर्वसन ही मागणी या कागदाच्या जोरावर करायची. सामाईक हरकत म्हणाले ती हीच.

पुनर्वसनाचा अनुभव या शहराला भरपूर आहे. एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, पहिल्या टप्प्यात, ज्याला २००२ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं, लाखाच्या घरात माणसं हलवली गेली. रुळांलगतची कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडला, वाशी नाक्याला गेली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं हे खरं; पण घरकाम करणाऱ्या बायकांची कामं सुटली, देखभालीचा खर्च अंगावर आला, लिफ्ट बंद पडल्या. कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली, कारण त्यांची दुकानं ज्या गिऱ्हाइकावर चालत होती ते नव्या जागी नव्हतं. २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही काळ थांबवला. यातून दोन गोष्टी घ्या. प्रकल्पाला कर्ज कुणाचं आहे ते शोधा. बाहेरच्या वित्तसंस्थेचं असेल तर तिचे स्वतःचे पुनर्वसनाचे नियम आणि तक्रारीची सोय असते. आणि दुकानदारांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. त्यांचं नुकसान रहिवाशांपेक्षा वेगळ्या प्रकारचं असतं, ते वेगळं मांडावं लागतं.

गिरगाव-काळबादेवीत मेट्रो-३ च्या वेळी रहिवाशांनी ‘आम्ही गिरगाव सोडणार नाही’ हे इतकं लावून धरलं की जागच्या जागी पुनर्वसन हा त्या प्रकल्पाच्या कामाचाच भाग झाला. ते शक्य होण्याचं एक कारण होतं: मेट्रो जमिनीखालून गेली, वरची जागा नंतर बांधायला उरली. तुमच्याकडे रूळ जमिनीवर येणार आहेत. त्यामुळे ‘गिरगावला दिलं तसं आम्हाला द्या’ एवढं पुरणार नाही. कुठल्या भूखंडावर, हे तुम्हीच शोधून द्यायला हवं: विभागातले म्हाडाचे भूखंड, गिरणीच्या जमिनीतला सार्वजनिक वाटा, वाडीचाच न जाणारा तुकडा. मागच्या दोन चाळी वाचत असतील तर पुढच्या चाळीतल्यांना त्याच वाडीच्या पुनर्विकासात सामावून घेता येईल का, यावर वास्तुविशारदाकडून एक साधा प्राथमिक आराखडा करून घ्या. संक्रमण शिबिराचं नाव निघालं तर पत्ता, मुदत, भाडं, आणि मुदत टळल्यास काय, हे नोंदणीकृत करारात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं मी पाहिली आहेत.

रुळांच्या अगदी कडेला ज्या झोपड्या आहेत त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, की ‘आमची तुलना त्यांच्याशी होऊ नये’. ताई, हे वाक्य निवेदनातून काढून टाका. कायद्यात तुमचे हक्क वेगळे आहेत, ते वेगळे मांडा. पण ती माणसं तुमच्याच देवळात येतात, तुमच्याच घरी कामाला येतात, आणि पट्टा रुंद झाला तर आधी तीच जातात. पट्टा अरुंद करण्याची मागणी त्यांचीही आहे.

न्यायालयाबद्दल तुम्ही विचारलंय. मेट्रो-३ च्या बोगद्याने फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीला धक्का बसतो म्हणून २०१७ मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने काही काळ काम रोखलं, तज्ज्ञांचं मत मागवलं आणि नंतर कंपनांवर लक्ष ठेवून काम होऊ दिलं. पुढच्या वर्षी पारशी समाजातल्या मंडळींनी आतशबेहराम या त्यांच्या अग्निमंदिराखालून जाणाऱ्या बोगद्याला हरकत घेतली; नोव्हेंबर २०१८ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. सार्वजनिक वाहतुकीचा प्रकल्प न्यायालय सहसा रद्द करत नाही. सुनावणी न देता घोषणा झाली, पर्याय तपासलेच नाहीत, ठरलेलं पुनर्वसन दिलं नाही, अशा बाबतीत मात्र ते ऐकून घेतं. म्हणजे तिथेही तुमची तीस दिवसांतली हरकत आणि तिच्यावर मिळालेलं उत्तर हाच पाया. हरकत दिलीच नसेल तर वकील कितीही मोठा असो, त्याच्या हाती काही नसतं.

जी चाळ आरेखनात जात नाही तिनेही निर्धास्त राहू नये. शेजारी पाया खणताना, खांब ठोकताना बसणाऱ्या हादऱ्यांनी जुन्या भिंतींना तडे जातात, आणि मग ‘इमारत धोकादायक’ म्हणून तिलाही नोटीस येते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीतल्या तड्यांचे तारखेसह फोटो घ्या, स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून स्थिती अहवाल करून त्याची प्रत प्रकल्प कार्यालयात पोच घेऊन द्या. मोठ्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. तडा वाढला तर काच तुटते. हादऱ्यांची मर्यादा मागताना जर्मन मानक डीआयएन ४१५० चा आधार घ्या. जुन्या, नाजूक इमारतींसाठी कमी वारंवारतेला पायापाशी सेकंदाला ३ मिलिमीटर ही मर्यादा त्यात आहे. मोजणीचं यंत्र चाळीत बसवा आणि आकडे फलकावर लावा, ही मागणी निविदा निघण्याआधी केली तर कंत्राटाच्या अटींत येते. नंतर केली तर कंत्राटदार जादा पैसे मागतो आणि प्रश्न तिथेच राहतो.

एक आशेची गोष्टही सांगते. भायखळा स्टेशनची एकोणिसाव्या शतकातली इमारत नागरिकांच्या पुढाकाराने आणि रेल्वेच्या सहकार्याने मूळ रूपात आणली गेली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. म्हणजे रेल्वेत जुन्याची कदर असलेली माणसं आहेत. हरकत लिहिताना भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी ठेवा. आरडाओरडीचं पत्र फायलीत मागे जातं. नकाशा जोडलेलं, क्रमांक घातलेलं, प्रत्येक मुद्द्याला उत्तर मागणारं पत्र पुढे सरकतं, कारण त्यावर कुणाला तरी शेरा मारावा लागतो.

राहिला दोन तटांचा प्रश्न. ज्येष्ठांना वाडी वाचवायची आहे आणि तरुणांना ऐसपैस घर हवं आहे. दोघांचंही बरोबर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या मुलाला ‘आपला वारसा’ ऐकवून चालत नाही. सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या सुनेलाही नाही. म्हणून सभेत दोन वेगळे ठराव घ्या. पहिला: पट्टा अरुंद करावा आणि पर्यायी आरेखन तपासावं. दुसरा: तरीही ज्यांची घरं जातील त्यांचं पुनर्वसन याच विभागात, अमुक क्षेत्रफळाचं, करार करूनच. दुसऱ्या ठरावाला हो म्हटलं म्हणजे पहिला सोडला असं होत नाही, हे इतिवृत्तात स्पष्ट लिहा, नाहीतर ‘रहिवाशांनी संमती दिली’ असं कुणीतरी वर कळवतं. संमतीपत्राच्या कोऱ्या नमुन्यावर कुणी सह्या घ्यायला आलं तर समितीला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे आज रात्रीच घरोघरी सांगा. सभा रविवारी सकाळी ठेवा आणि बायकांना बोलायला आधी वेळ द्या. खोलीत कोण राहतं, कुणाचं नाव कुठल्या कागदावर आहे, कुणाचं भांडण कुठे अडलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नकाशाची प्रत आली की मला कळवा, मोजायला मी येईन.